गाणं ऐकवायची बैठक: निवडीपासून पोह्यांपर्यंत

दुसऱ्याला गाणं ऐकवण्याचे बहुतेक प्रयत्न एकाच कारणानं फसतात. ऐकवणारा फार देतो. सकाळी सकाळी फोनवर सात लिंका येऊन पडतात: दोन यमन, एक तासाभराचा दरबारी, एक तराणा, शेवटी कुणाची तरी ठुमरी आणि खाली ‘जरूर ऐका’. घेणारा पहिली लिंक उघडतो, दीड मिनिट आलाप ऐकतो, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, संपलं. पुढच्या भेटीत विचारलं तर ‘हो, छान होतं’ म्हणतो. त्यानं ऐकलेलं नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

त्यापेक्षा चार ते आठ माणसं घरी बोलवावीत, दीड तास बसवावीत आणि तीनच गोष्टी ऐकवाव्यात. नागपुरात धरमपेठेतला जुना बंगला असो की मनीषनगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट, तयारी तीच लागते. खर्च फारसा नाही, पण आदल्या दिवशीचे दोन तास लागतात. ते दिले नाहीत तर बैठक गप्पांची होते आणि गाणं मागे वाजत राहतं.

जागा आधी, रेकॉर्डिंग नंतर

‘अमीर खाँ ऐकवू या’ ही निवड झाली नाही. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचा मारवा राग, त्यातली सुरुवातीची दहा-बारा मिनिटं आणि त्यातही षड्ज, म्हणजे सा, किती उशिरा, किती जपून येतो ती जागा, ही निवड. ऐकवणाऱ्याला स्वतःला नेमकं काय आवडलं हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ते रेकॉर्डिंग अजून आठवडाभर एकट्यानं ऐकावं. बैठकीला घेऊ नये.

मारव्याचंच उदाहरण पुढे नेऊ. खाँसाहेबांच्या त्या प्रसिद्ध एलपीच्या (लाँग-प्ले तबकडीच्या) एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात ‘पिया मोरे अनत देस’ हा झूमरा तालातला विलंबित (संथ) ख्याल आणि पुढे ‘गुरु बिन ज्ञान’ ही द्रुत (जलद) चीज, म्हणजे बंदिश. झूमरा चौदा मात्रांचा आणि इथे लय इतकी संथ, की नवख्याला सम (तालाची पहिली मात्रा) कुठे गेली ते कळत नाही. म्हणून त्याला ताल मोजायला लावू नये. मारव्यात पंचम (प) वर्ज्य, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि सगळा भार रिषभ-धैवतावर (रे-ध). पंचम नाही म्हणून तंबोऱ्याची पहिली तारही निषादावर किंवा धैवतावर लावतात. त्यामुळे कानाला टेकायला जागाच मिळत नाही. गायक रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, सा समोर दिसत असतो आणि तो तिथं जात नाही. ऐकणाऱ्याला सुरू करण्याआधी एवढंच सांगायचं: ‘सा कधी येतो तेवढं बघा.’ ज्याला रागाचं नावही माहीत नाही, त्यालाही हे काम जमतं. सा आल्यावर त्याचा खांदा खाली येतो, तो समोरून दिसतो.

आता याच सुरांचे आणखी दोन राग शेजारी ठेवा. पूरिया आणि सोहनी. तिघांचे सूर तेच: सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नि. पण पूरियात वजन गंधार-निषादावर (ग-नि) आणि वावर मंद्र-मध्य, म्हणजे खालच्या आणि मधल्या, सप्तकात. सोहनीत सगळं लक्ष उत्तरांगाकडे, म्हणजे वरच्या सुरांकडे, तार षड्जाभोवती (वरच्या सा-भोवती). सोहनीसाठी नवख्या मंडळींना ‘मुगल-ए-आझम’मधलं बडे गुलाम अली खाँचं ‘प्रेम जोगन बन के’ खुशाल लावावं. ते सोहनीतच आहे आणि घरातल्या आजीलाही ओळखीचं असतं. मारव्याची बारा मिनिटं, पूरियाची दहा, सोहनीची चार. एवढ्या सामग्रीवर अख्खी बैठक होते आणि घरी जाताना प्रत्येकाच्या हाती एक गोष्ट असते: सूर तेच, चाल वेगळी, म्हणून राग वेगळा.

ज्यांना इतक्या संथ लयीत बसवत नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग तीन मिनिटांच्या तबकड्यांचा. अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ किंवा केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’. केसरबाईंचं हेच ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं. हे सांगितलं की माणसं ताठ बसतात, म्हणून ते ऐकवून झाल्यावर सांगावं. आधी सांगितलं तर लोक यान ऐकतात. अशी तबकडी सलग दोनदा लावायची, मध्ये बोलायचं नाही. दहा इंची तबकडीत तीन, सव्वातीन मिनिटंच मावायची, त्यामुळे या गायकांनी काहीही वाया घालवलेलं नाही. पहिल्या वेळी ते ध्यानात येत नाही, दुसऱ्या वेळी येतं.

पाश्चात्त्य संगीत ऐकवायचं असेल तर हिशेब उलटा. तिथे रचना लिहून ठेवलेली असते आणि वाजवणारा बदलतो. तेव्हा एकच छोटा तुकडा दोन हातांनी किंवा एकाच हातानं दोन वयांत ऐकवावा. पियानोवादक ग्लेन गूल्डनं बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ही रचना १९५५ साली ध्वनिमुद्रित केली आणि पुन्हा १९८१ साली. सुरुवातीचा आरिया (मूळ धून) पहिल्यात दोन मिनिटांच्या आत संपतो, दुसऱ्यात तीन मिनिटांच्या वर जातो. पाच मिनिटांत दोन्ही ऐकून होतात. विलंबित-द्रुताची सवय असलेल्या कानांना यात काय झालं हे समजावून सांगावं लागत नाही.

दीड तासाचा हिशेब

नव्वद मिनिटांत पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त गाणं ठेवू नये. हे ऐकून नेहमीचे श्रोते नाराज होतात, पण उरलेला वेळ वाया जात नाही. तीन-तीन मिनिटं प्रत्येक गोष्टीआधी, दहा मिनिटं प्रत्येकीनंतर बोलायला आणि हवी ती जागा पुन्हा लावून बघायला. त्या ‘पुन्हा’वरच सगळी मदार आहे. मैफलीत गेलेली जागा गेली. रेकॉर्डिंगचा मोठा फायदा तो. म्हणून जागेची वेळ आधीच लिहून ठेवावी: ‘चार मिनिटं दहा सेकंद, सा.’ ऐनवेळी स्लायडर मागेपुढे ओढत बसलात तर खोलीत जमलेलं सगळं मोडतं.

एका बैठकीला एकच ऐकवणारा असावा. चौघांनी प्रत्येकी आपापलं आणलं की कळत-नकळत सामना सुरू होतो. पुढच्या महिन्यात पुढचा.

टिपण कसं करावं

प्रत्येक रेकॉर्डिंगसाठी पोस्टकार्डाएवढा कागद. त्यावर राग, ताल, बंदिशीचा मुखडा (सुरुवातीची ओळ), रचनाकार, गायक-वादक, तबल्यावर कोण, हार्मोनियम की सारंगी, साल, तबकडी की रेडिओ की खासगी मैफल, लांबी आणि पट्टी (गायकाचा सा कुठल्या सुरावर आहे ते). जे खात्रीनं माहीत नाही ती ओळ कोरी ठेवायची. अंदाज लिहिला की पुढच्या प्रतीत तो माहिती होऊन बसतो. इंटरनेटवरची निम्मी गडबड अशीच झालेली आहे: पूरियावर मारवा लिहिलेलं असतं, थोरल्याच्या गाण्यावर धाकट्याचा फोटो असतो.

हा घोळ टाळायची गरज पहिल्या दिवसापासून होती. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजानच्या तबकड्या मुद्रित झाल्या तेव्हा गाणं संपताच ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते, ‘माय नेम इज गौहरजान.’ तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगाराला लेबल कुणाचं लावायचं ते कळावं म्हणून ही सोय. आपल्या कार्डाचं काम तेच आहे.

फाइलीचं नावही याच क्रमानं द्यावं: राग, कलाकार, मुखडा, साल. ‘ट्रॅक शून्य तीन’ अशा नावाची फाइल दोन वर्षांनी कुणालाच ओळखू येत नाही, ठेवणाऱ्यालाही.

रचनाकार ऐकवायचा असेल तर

आपल्याकडे गायकाचं नाव मोठं, बंदिश कुणाची हे विचारायची पद्धत कमी. त्यामुळे रचनाकारावरची बैठक अगदी ताजी वाटते. धागा म्हणजे मुद्रा, बंदिशीत गुंफलेलं टोपणनाव. सदारंग म्हणजे नियामत खाँ, दिल्लीच्या मुहम्मदशाह रंगीलेच्या (राज्यकाल १७१९ ते १७४८) दरबारातले. म्हणून त्यांच्या कितीतरी ख्यालांत ‘मोंमदसा’ आणि ‘सदारंगीले’ जोडीनं येतात. प्रेमपिया म्हणजे आग्र्याचे फैयाज खाँ, प्राणपिया विलायत हुसेन खाँ, सबरंग बडे गुलाम अली, गुणिदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, रामरंग म्हणजे रामाश्रय झा, चतुर म्हणजे पंडित भातखंडे.

मुद्रा बहुधा अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, असते. मुखडा सगळ्यांच्या तोंडी असतो, अंतरा कुणी नीट ऐकत नाही. तेव्हा ऐकणाऱ्यांना काम द्यावं: अंतऱ्यात नाव सापडलं की हात वर. खेळ वाटतो, पण त्या निमित्तानं शब्द ऐकले जातात. एक सावधगिरी: सदारंगचं नाव आलं म्हणजे बंदिश त्यांचीच असं धरू नये. मोठ्या नावाखाली पुढच्यांनी रचलेलं खूप आहे. कार्डावर ‘मुद्रा: सदारंग’ लिहावं, ‘रचना: सदारंग’ नव्हे.

जवळच्या काळातला रचनाकार हवा असेल तर जोगकौंस घ्या. हा राग आज ज्या रूपात गायला जातो तो जगन्नाथबुवांचा आणि ‘पीर पराई’ ही त्यातली त्यांचीच चीज. दोन वेगवेगळ्या गायकांची तीच चीज लागोपाठ लावली की रचना कुठे संपते आणि गाणारा कुठे सुरू होतो हे स्वच्छ दिसतं.

नागपूरकरांना इथलं कुणी ऐकवायचं तर डॉ. वसंतराव देशपांडे आहेतच. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, तिथे नाटकं आणि सत्कार पाहणाऱ्या कित्येकांनी त्यांचं ख्यालगायन ऐकलेलं नसतं. ‘कट्यार’मधल्या पदांपाशी ओळख थांबते. लहानपणी ते इथेच शंकरराव सप्र्यांकडे शिकले. त्यांचा मारवा अमीर खाँच्या मारव्यानंतर लावून बघा. एकाच रागात एक माणूस थांबतो आणि दुसरा उसळतो. यावर दहा मिनिटं वाद झालाच पाहिजे.

वेळ, ऋतू आणि कूलर

रागाची वेळ पाळायची असेल तर सूर्याकडे बघावं, घड्याळाकडे नाही. मारवा संधिप्रकाशाचा. नागपुरात डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मेअखेरीला पावणेसात उलटून जातात. हिवाळ्यात सहाला बोलावलं तर मारव्याची वेळ निघून चाललेली असते.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. कूलर. खसाच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा, पत्र्याचा, खिडकीत बसवलेला आपला कूलर चालू असताना तंबोरा ऐकू येत नाही. पंख्याची घरघर आणि पाण्याची टपटप नेमकी खालच्या सुरांवर बसते. आवाज वाढवला तर गळा कर्कश होतो. कूलर अर्धा तास आधी लावून खोली गार करावी, बैठक सुरू होताना बंद करावा आणि पहिला भाग वीस मिनिटांत संपवावा. त्यापुढे मे महिन्यात कुणी बसत नाही.

खरं तर एप्रिल ते जूनमध्ये पहाटेची बैठक धरावी. साडेपाचला जमायचं, सातला संपवायचं. ललित, भैरव, तोडी हे राग संध्याकाळच्या मैफलींमुळे प्रत्यक्षात ऐकायलाच मिळत नाहीत. रेकॉर्डिंगवर ते मुबलक आहेत. कूलर नको, रहदारी नाही, खिडक्या उघड्या. कोकिळा मध्ये बोलते, ती चालते.

पावसाळ्यात ओल. जुलै-ऑगस्टमध्ये तबकड्यांच्या वेष्टनांवर आणि कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि कपाट कूलरच्या वाटेत असेल तर मे महिन्यातच. एलपीचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर तेवढं तापमान सहज होतं. एकदा वाकलेली एलपी पुन्हा सपाट होत नाही. उसनी नेलेली तबकडी आधी घरी पोचवावी, बाजारहाट मग.

खोली

फरशीची, मोकळ्या भिंतींची बारा बाय चौदाची खोली गाण्याला वाईट. टाळी वाजवून बघा; मागोमाग ‘ट्रर्र’ असं उमटलं तर सतरंजी, तिच्यावर गाद्या आणि स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोरीला एक जाड गोधडी. एवढ्यानं फरक पडतो. एरवी जलद ताना एकमेकींत कालवतात आणि दोष गायकाला जातो.

माणसं खाली बसणार तर कान जमिनीपासून पाऊण मीटरवर येतो. स्पीकर त्याच उंचीला, पक्क्या स्टुलावर, भिंतीपासून फूटभर पुढे. कोपऱ्यात ठेवला तर डग्गा घुमत राहतो. दोन स्पीकरांत जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर मधली माणसं. सहा-सात फूट पुरे. १९६० आधीचं बहुतेक साहित्य मोनो आहे, त्याला एक चांगला स्पीकर मधोमध ठेवला तरी काही बिघडत नाही, उलट कडेला बसलेल्याला न्याय मिळतो.

आवाज किती? समोर बसून एखादा माणूस माइकशिवाय गात असता तर जेवढा आला असता तेवढा. बैठक चालू असताना दोन माणसांना कुजबुजता येऊ नये, पण ओरडावंही लागू नये.

यंत्रं आणि ती कुठे दगा देतात

*तबकड्या.* ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) तबकडीची खाच रुंद, एलपीची बारीक. ७८ला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, एलपीला २५ किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी घसटत जाते आणि खरखर तेवढी मिळते. ७८ची एलपीवर ठेवली तर एलपी गेली. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दिलेला असतो, एलपीसाठी बहुधा दीड ते दोन ग्रॅम. तबकडी जपायची म्हणून भार कमी करू नये. हलकी सुई तारसप्तकातल्या जोरकस स्वरावर खाचेत उडते आणि उडताना भिंत टवकते. दर वेळी त्याच जागी आवाज फाटत असेल तर ते बहुधा आधीच्या कुणाच्या तरी हलक्या सुईचं काम.

टर्नटेबलची वायर साध्या इनपुटला लावली तर आवाज बारीक, चिरका येतो. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचा भाग चढवलेला असतो. तो पूर्ववत करायला फोनो प्रीॲम्प लागतो. काही टर्नटेबलांत तो आतच असतो. आतलाही चालू आणि ॲम्प्लिफायरचा फोनो इनपुटही, असं झालं तर आवाज फुगून फाटतो. दोन्हींतला एकच. आणि ‘हूँऽऽ’ असा सतत गुणगुणाट आला तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर निघालेली असते, नव्वद टक्के वेळा तेच. मोनो तबकडी लावताना मोनोचं बटण दाबावं. खाचेतल्या उभ्या हालचालीचा निव्वळ कचरा त्यानं बराच मरतो.

साफसफाई: एलपीला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं. ७८ला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही नाही. ती लाखेची असते, अल्कोहोलमध्ये विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. खालची ७८ तडकते.

*कॅसेट.* वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट थेट वाजवू नये. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. फितीमागची इवलीशी नमद्याची गादी गळून पडलेली असते, ती बघावी. ती नसेल तर आवाज बुडतो-तरंगतो. हेड कापसाच्या काडीनं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावं, इथे ते चालतं. घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटीला डॉल्बीचं (फितीची खरखर कमी करणाऱ्या सोयीचं) बटण बंद. वरचे दोन कान तोडलेले आहेत ना ते बघा, नाहीतर कुणीतरी चुकून रेकॉर्डचं बटण दाबतं आणि आजोबांच्या काळची रेडिओ मैफल पुसली जाते.

*फोन.* बैठकीत सगळ्यात जास्त घात फोन करतो. अमीर खाँ रिषभावर आहेत आणि ‘टुंग’. आदल्या दिवशी फाइल उतरवून घ्यावी, फोन विमान मोडवर टाकावा, शक्य तर वायरनं जोडावा. फुकटच्या ॲपवरून चालू प्रवाहात वाजवलं तर विलंबितातून थेट साबणाच्या जाहिरातीत पडायला होतं. टीव्हीखालच्या साउंडबारवर वाजवणार असाल तर बास बूस्ट, ‘व्हॉइस मोड’ आणि आवाज आपोआप समान करणारी सोय, तिन्ही बंद. शेवटची सोय सर्वांत घातक: मंद आलाप ती वर ओढते, तान आली की दाबते. गायकानं मेहनतीनं केलेला चढउतार सपाट.

पट्टी तपासणं

हे काम फारसं कुणी करत नाही आणि अर्ध्याअधिक जुन्या रेकॉर्डिंगांना ते लागतं. तबकडी ७८ऐवजी ८० फेऱ्यांनी फिरली तर पट्टी जवळजवळ पाव स्वरानं चढते. सहा टक्के जलद असेल तर अख्खी एक पट्टी वर. काळी एकवर (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवर) गायलेलं काळी एकच्या पुढच्या पांढरीवर येतं आणि तीन मिनिटांचं गाणं दोन मिनिटं पन्नास सेकंदांत संपतं. गळा तरुण, किंचित पिपाणीसारखा वाटतो, ताना अशक्य वेगाच्या भासतात आणि आपण ‘काय तयारी!’ म्हणत राहतो. ती मोटारची तयारी असते.

तंबोऱ्याचं ॲप लावा, रेकॉर्डिंगचा सा जुळवा. पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात. अपवाद खूप, पण खात्रीच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाशी ताडून बघता येतं. सा कुठल्याच पट्टीत नीट बसत नाही, दोन सुरांच्या मधे लोंबकळतो आणि साथीला हार्मोनियम आहे, तर गती चुकली हे जवळपास नक्की. संगणकावर ‘स्पीड’ बदलावा, ‘पिच’ नव्हे; पिच एकटी बदलली की लय चुकीचीच राहते.

खरखर काढायच्या सोयींबद्दल एकच सांगणं: अर्ध्यावर थांबा. खरखर पूर्ण गेली की तिच्याबरोबर तंबोऱ्याचा झणत्कार आणि शब्दांतले ‘स’, ‘श’ही जातात. उरतं ते पाण्याखालचं गाणं. कान पाच मिनिटांत खरखरीला सरावतो, पाण्याला सरावत नाही.

बैठक चालू असताना

आधी नाव सांगायचं नाही. कलाकार कोण हे कळलं की जाणकार ऐकणं थांबवतात आणि आठवू लागतात. एक वाक्याचं काम द्यायचं, लावायचं, संपल्यावर अर्धं मिनिट गप्प राहायचं. मग कार्ड फिरवायचं.

रेकॉर्डिंगला दाद द्यावी की नाही यावर नागपुरात दोन्ही पक्ष भेटतील. समेवर आपसूक ‘वाह’ निघाली तर निघू द्यावी. बोलणं मात्र नको. प्रत्येक कंपूत एक काका असतात, ज्यांना प्रत्येक जागेवर माहिती आठवते. त्यांना कार्डं आणि वेळा सांभाळायला द्याव्यात. हातात काम आलं की ते गप्प बसतात, आणि नंतर त्यांच्याकडचीच माहिती सगळ्यात कामाची निघते.

कुणी म्हणालं, ‘मले तर काही समजलं नाही बा,’ तर व्याख्यान सुरू करू नये. विचारावं, ‘कुठवर ऐकलं?’ माणूस जागा सांगतो. तिथूनच पुन्हा लावावं, दोन मिनिटं.

खाणं मध्यंतरात किंवा शेवटी. चिवडा आणि कुरकुरीत काहीही बैठकीच्या खोलीत नको. संत्रा बर्फी चालेल, तिचा आवाज होत नाही.

प्रत मागितली तर

बैठक जमली की लोक फाइल मागतात. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झालं त्यापुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं. म्हणजे १९६० साली निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१पासून मोकळी. पण त्यातली रचना वेगळी मोजतात: रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षं. जगन्नाथबुवा १९६८ साली गेले, तेव्हा त्यांच्या चिजांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत राहतो. सदारंगांची काळजी नको. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबाच्या किंवा तशा मंडळाच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं की ती गृहीत धरू नये. ज्यांचा हक्क शिल्लक आहे त्यांची फाइल न देता नाव, साल आणि अधिकृत जागा कार्डावर लिहून द्यावी. खासगी मैफलीचं ध्वनिमुद्रण ज्यानं विश्वासानं दिलं, त्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. अशा एका फाइलीमुळे संग्राहकाचं कपाट सगळ्यांसाठी बंद होतं.

देता येण्यासारखं असेल तर मूळ प्रत फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फाइलीत), ऐकायची प्रत ३२० केबीपीएस एमपीथ्रीत. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला दहा एमबी घेते, फ्लॅक साधारण निम्मी, ही एमपीथ्री मिनिटाला सुमारे अडीच एमबी. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी आणि कार्डाचा फोटो सोबत जोडावा. एकावेळी एकच. पुढची, आधीच्या फाइलीबद्दल त्यानं काहीतरी सांगितल्यावर.

तबकड्या उसन्या दिल्या तर वहीत तारीख घालावी, घेणाऱ्याच्या देखत. राग येण्याचं कारण नाही, वही सगळ्यांसाठी असते.

पहाटेच्या बैठकीनंतर तर्री पोहे ठरलेलेच. सात वाजून गेले की ठेल्यावर गर्दी होते आणि तर्री तळाला जाते, म्हणून पोहे आणायला कोण जाणार हे ललित सुरू व्हायच्या आधी ठरवून टाकावं. शेवटच्या द्रुताच्या आधी उठून जाणारा तोच असेल, तेव्हा त्याच्यासाठी ते द्रुत पोहे झाल्यावर एकदा लावावं लागतं.